चाळिसावा कॅन

यॉम दो-सिक रसायनांच्या कोठारासमोर हातात कुलूप घेऊन उभा होता आणि ते लावावं की नाही, हे त्याला काही केल्या ठरवता येत नव्हतं.

एरवी हा प्रश्न त्याला पडत नसे. पर्यावरण खात्याची माणसं आली की तो कुलूप लावायचा, कारण विषारी माल उघड्यावर ठेवला म्हणून ती डोळे वटारत. अग्निशमन दलाची माणसं आली की तेच कुलूप खिशात जायचं, कारण आत कुणी अडकलं तर बाहेर कसं पडणार, असं ती विचारत. श्रम खात्याला दारावर पाटी हवी असे, गॅसवाल्यांना दाराला जाळी, आणि नगरपालिकेचं म्हणणं असं की दार उघडल्यावर त्याची कड रस्त्यावर येता कामा नये. जस्ताचा मुलामा देणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात यॉमने सव्वीस वर्षं काढली होती आणि त्यातली अकरा वर्षं तो सुरक्षा अधिकारी होता. कुठल्या रंगाचं जाकीट फाटकात दिसलं की काय करायचं, हे त्याच्या हातापायांना आपोआप कळायचं.

पण आज पाचही जाकिटं एकदम येणार होती. शेजारच्या गावात पूर्वी आम्लाची टाकी फुटली, तेव्हा पाच खात्यांनी एकमेकांकडे बोटं दाखवण्यात दुपार घालवली होती. त्यानंतर सरकारने त्या पाचांना एकाच इमारतीत बसवलं. आता ती सगळी मिळून तपासणी करणार होती आणि पहिला मान यॉमच्या कारखान्याला मिळाला होता.

सकाळच्या हजेरीला मालक प्यो स्वतः आले होते. सगळ्यांनी नेहमीच्या कवायतीचे हातपाय हलवले, बोट पुढे रोखून रोजची घोषणा म्हणून "सुरक्षा चांगली! चांगली! चांगली!" असं तीनदा ओरडून झालं आणि मालकांनी यॉमला बाजूला घेतलं.

"यॉम, आज काम थांबवायची नोटीस आली ना, तर मोटारवाल्यांची ऑर्डर गेलीच म्हणून समज."

"नाही येणार, साहेब."

"आली तर त्याच्या पाठोपाठ तुझा राजीनामा यायला पाहिजे माझ्या टेबलावर. छान अक्षरात."

निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाला बाहेर कोण उभं करणार? शेवटी त्याने कुलूप कोयंड्यात नुसतंच अडकवलं, म्हणजे पाहणाऱ्याला ते लावलेलं दिसेल आणि ओढणाऱ्याला उघडं मिळेल. मग एकदा शेवटची नजर टाकावी म्हणून तो आत गेला.

आत सगळं जागच्या जागी होतं. आम्लाचे वीस-वीस लिटरचे पांढरे कॅन रांगेत उभे होते, प्रत्येकावर लाल चौकटीचं लेबल होतं. फक्त कोपऱ्यात, एसीच्या बरोबर खाली, एक कॅन उघडाबोडका उभा होता. त्याच्यावर लेबल नव्हतं आणि त्याचं पोट चांगलं टम्म फुगलेलं होतं.

"मावशी, मावशी! मेलो मी!" यॉम स्वतःशीच कळवळला.

कँटीनच्या बोंग-रे मावशीचं हे काम, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. दर जूनमध्ये मावशी हिरवे आलुबुखार साखरेत मुरत घालायची, पाक करायची आणि पुढे वर्षभर सगळ्या कामगारांना त्याचं सरबत पाजायची. पाक मुरायला थंड, अंधारी जागा लागते. अख्ख्या कारखान्यात रात्रंदिवस एसी चालणारी एकच जागा होती, कारण तसा कायदाच होता. मागच्या वर्षीही तिने कॅन गुपचूप इथे आणून ठेवला होता आणि तो असाच आंबून फुगला होता. यॉमने तेव्हा तिला चांगलं झापलं होतं आणि मग दोन पेले सरबत प्यायला होता.

रसायनांच्या कोठारात खाण्याचा पदार्थ! याला तर सरळ काम बंदच. त्याने मावशीला फोन लावला. फोन कँटीनच्या तांदळाच्या डब्यावर वाजत राहिला आणि मावशी पाहुण्यांच्या जेवणासाठी मासळी आणायला बाजारात गेलेली होती. कॅन उचलून न्यावा तर फाटकाशी गाड्यांची दारं धडाधड लागल्याचे आवाज आले.

माणूस घाबरला की त्याला एकदम फार हुशारी सुचते. यॉमने खिशातलं कोरं लेबल काढलं, त्यावर आपल्या टपोऱ्या अक्षरात 'हायड्रोक्लोरिक आम्ल, धोका, झाकण उघडू नये' असं लिहिलं आणि ते कॅनच्या फुगलेल्या पोटावर थापलं. पोट इतकं ताणलेलं होतं की लेबलाला एकही सुरकुती पडली नाही. चाळीस कॅनमध्ये हा एक कोण बघतंय, असं म्हणत तो बाहेर पळाला.

पाचही जण रांगेत आले. निळं जाकीट श्रम खात्याचं, हिरवं पर्यावरणाचं, केशरी अग्निशमन दलाचं, पिवळं गॅसवाल्यांचं. नगरपालिकेच्या कारकुनाला जाकीट मिळालं नव्हतं, म्हणून त्याने गळ्यात ओळखपत्र घातलं होतं आणि ते सारखं पुढे करत होता. दारात त्यांचं थोडं थांबणं झालं, कारण आधी कोणी शिरायचं हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

"तुम्ही व्हा पुढे," निळे साहेब म्हणाले.

"छे छे, दार तुमच्याकडे येतं ना? आमच्याकडे दाराच्या आतलं," हिरव्या मॅडम म्हणाल्या.

केशरी जाकिटातल्या कप्तान माएंग बाई दोघांच्या मधून सरळ आत गेल्या. पाठोपाठ कुलूप ओढून पाहिलं गेलं, ते लागलेलंही निघालं आणि उघडंही, आणि दोन्ही बाजूंनी समाधानाने माना हलल्या. यॉमला जरा धीर आला.

तो फार टिकला नाही. हिरव्या मॅडमनी बोटाने कॅन मोजले, वही उघडली आणि पुन्हा मोजले.

"यॉम साहेब, वहीत एकोणचाळीस आहेत. इथे चाळीस कसे?"

"तो... तो कालच आलाय, मॅडम."

"काल रविवार होता."

"म्हणजे परवा आला. काल पोचला."

निळे साहेब पुढे सरसावले. "पावती?"

"येतेय."

"कॅन आला आणि पावती मागून चालत येतेय?" पिवळ्या जाकिटातले म्हातारे गृहस्थ हसले. तेवढ्यात त्यांच्या हातातलं यंत्र चिवचिवायला लागलं. त्यांनी ते कोपऱ्याकडे नेलं तसं ते जास्तच चेकाळलं. म्हाताऱ्यांचं हसू तिथेच विरलं.

"झाकणातून काहीतरी येतंय हो," ते हळूच म्हणाले.

आंबतंय की ते, यॉम मनात म्हणाला. आंबल्यावर वाफ येणारच! कप्तान बाईंनी झाकणाच्या कडेला साचलेल्या थेंबाला चिमट्याने कागदाची पट्टी टेकवली. पट्टी रक्तासारखी लाल झाली. आंबट आहे ना, लाल होणारच, यॉम पुन्हा मनात म्हणाला. वास म्हणाल तर सव्वीस वर्षं आम्लाच्या वाफेत काढलेल्या नाकाला गुलाब आणि गटार सारखंच होतं. प्रत्येक तपासणीने त्याचं लेबल खरं ठरत चाललं होतं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळत होतं.

कप्तान बाईंनी कॅनचं फुगलेलं पोट पाहिलं, लेबल वाचलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "सगळे बाहेर. आत्ता."

पाच मिनिटांत बावन्न कामगार अंगणाच्या पलीकडे उभे राहिले. पिवळी फीत ताणली गेली. आता कॅनचं काय करायचं, यावर पाचांची बैठक तिथेच उभ्याउभ्या भरली.

"कॅन कामाच्या जागी आहे, म्हणजे बाहेरून तो आमचा," निळे साहेब म्हणाले. "पण आतला द्रव यांचा."

"द्रव आमचा, मान्य. पण आता येतोय तो वायू," हिरव्या मॅडम म्हणाल्या.

"आम्ही स्वयंपाकाचा गॅस बघतो हो बाई. हा कुठल्या चुलीचा?" पिवळे आजोबा म्हणाले.

"फुटला तर माझा," कप्तान बाई म्हणाल्या. "पण तो फुटायच्या आधी कुणीतरी आपला म्हणा, म्हणजे मला आत जायची सही मिळेल."

नगरपालिकेच्या कारकुनाला इतका वेळ कुणी काही विचारलं नव्हतं. आपलंही काही काम असावं असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याने गुपचूप फोन काढला आणि एक बटण दाबलं.

पुढच्याच क्षणी अंगणातले सगळे फोन एकदम किंचाळले. शेजारच्या शेवयांच्या कारखान्यातून किंचाळी ऐकू आली, रस्त्यावरच्या बसमधून ऐकू आली, समोरच्या शाळेच्या सगळ्या खिडक्यांमधून ऐकू आली. 'औद्योगिक वसाहतीत आम्लाची गळती होण्याचा धोका. खिडक्या बंद ठेवा.' शहरातल्या चाळीस हजार माणसांच्या हातात तो संदेश पडला. यॉमच्या फोनवर त्याच्यामागोमाग बायकोचाही आला: 'तुमच्या बाजूला काहीतरी झालंय म्हणे. तिकडे जाऊ नका.'

यॉम मटकन खाली बसला. राजीनामा वगैरे आता लहानसहान गोष्ट झाली होती. चाळीस हजार माणसं खिडक्या लावून घाबरून बसली होती, शाळेतली पोरं तोंडाला रुमाल लावून पटांगणात येत होती, आणि हे सगळं एका आलुबुखाराच्या पाकापायी! त्याला रडू यायला लागलं. तो उठला आणि पाचांच्या मधोमध जाऊन कमरेत वाकला, इतका की कपाळ गुडघ्याला लागायचं बाकी राहिलं.

"माफ करा. ते आम्ल नाहीये. सरबत आहे."

पाचही माना एकदम त्याच्याकडे वळल्या.

"आलुबुखाराचा पाक आहे, कँटीनच्या मावशीचा. तुम्ही येताना दिसलात आणि मी घाबरलो. लेबल मी लावलं, खोटं. माझ्याच हाताने."

आधी पिवळे आजोबा खुदकन हसले. मग हिरव्या मॅडमनी डोक्याला हात लावला. कारकून मात्र पांढराफटक पडला, कारण संदेश परत घ्यायचं बटण कुठलं ते त्याला ठाऊक नव्हतं. निळ्या साहेबांनी पेन काढलं. "रसायनांच्या कोठारात खाद्यपदार्थ. हे मात्र नक्की आमचं," ते जरा खुशीतच म्हणाले.

कप्तान बाई तेवढ्या हसल्या नव्हत्या. "सरबत असो नाहीतर काही असो, कॅन फुगलाय. तपासल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही."

पण मालक प्यो यांचा पारा चढला होता. "अरे, मग बघतोस काय माझ्या तोंडाकडे? जा, एक पेला भरून यांच्या समोर पिऊन दाखव! मिटव हे एकदाचं!"

यॉमला ते पटलं. आपण घातलेला घोळ आपणच निस्तरावा, एवढंच त्या वेळी त्याच्या डोक्यात होतं. कप्तान बाई रेडिओवर बोलायला वळल्या तेवढ्यात तो फितीखालून वाकून गेला आणि पाण्याच्या पिंपावरचा कागदी पेला उचलून धावत सुटला. "अहो! थांबा!" असं मागून ओरडणं ऐकू आलं, तोवर तो कोठारात होता.

त्याने पेला फळीवर ठेवला. एक हात फुगलेल्या पोटावर ठेवला, दुसऱ्याने झाकण धरलं. झाकण घट्ट बसलं होतं. कॅन हाताखाली कोमट लागला आणि आत काहीतरी बारीक बारीक उकळल्यासारखं वाजत होतं. चांगलंच मुरलंय यंदा, त्याच्या मनात आलं. त्याने जोर लावला.

कोठाराचं मागचं दार कँटीनच्या परसात उघडायचं आणि ते आज अग्निशमन दलाच्या मर्जीसाठी सताड उघडं ठेवलेलं होतं. त्या दारातून आवाज आला, "यॉम साहेब, एकटेच काय करताय हो इथे? आणि माणसं कुठे गेली सगळी?"

बोंग-रे मावशी परसात उभी होती. मागच्या फाटकातून आलेली, फोन तांदळाच्या डब्यावरच विसरलेली, त्यामुळे जगात काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता. तिच्या हातात ताट होतं आणि ताटात सहा पेले, बर्फ घातलेले.

"मावशी, तुमच्या पाकाने आज माझा जीव घेतला," यॉम झाकणाशी झटत म्हणाला. "चाखून दाखवतो त्यांना, म्हणजे सुटलो."

"माझा पाक? तिथे कुठाय माझा पाक? शनिवारीच नेला मी ढकलगाडीवरून. तुम्ही तपासणी तपासणी म्हणून आठवडाभर डोकं खाल्लंत ना! हा बघा, त्याचंच सरबत केलंय पाव्हण्यांना."

यॉमचे हात जिथे होते तिथेच राहिले.

"मग... हे काय आहे?"

"ते मला काय माहीत? माझा एक रिकामा कॅन तेवढा पान-सू मुकादमाने मागून नेला. धुतलेला आहे का, म्हणून विचारलंसुद्धा नाही मेल्याने."

त्याच वेळी अंगणातून पान-सू मुकादमाचा आवाज आला. फितीवर पोट दाबून, दोन्ही हात हलवत तो जिवाच्या आकांताने ओरडत होता, "साहेब, हात काढा! साहेब, ते टाकीतलं जुनं आम्ल आहे! तळातला जस्ताचा गाळ पण त्यातच आहे! हात काढा!"

यॉम आजवर नोटिशीला भ्यायला होता, मालकाला भ्यायला होता, रंगीबेरंगी जाकिटांना भ्यायला होता. ती सगळी भीती मुठीत मावेल एवढी होती, हे त्याला आत्ता कळलं. आम्लात जस्त पडलं की काय निघतं, हे तो गेली अकरा वर्षं नव्या कामगारांना शिकवत होता. हायड्रोजनला पेट घ्यायला ठिणगीसुद्धा पुरते, असं सांगून तो बोट रोखायचा. आता तेच त्याच्या छातीला टेकून गुरगुरत होतं, आणि झाकण पाव वळसा फिरलेलं होतं. हात काढावा म्हटलं तर हात ऐकेनात. आपली बायको आज खिडक्या लावून बसली आहे ती आपल्यामुळेच, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात फिरत राहिला आणि त्याची बोबडी वळली.

"म-म-मावशी... प-पळा."

मावशी पळाली नाही. तिने ताट खाली ठेवलं, दारातून हात घालून यॉमची कॉलर पकडली आणि कोंबडं उचलावं तसं त्याला परसात ओढून घेतलं. "चला मुकाट्याने!" ती म्हणाली, आणि त्याला भिंतीमागे ढकलून आपणही त्याच्या अंगावर बसली.

त्यानंतर जे झालं त्याची नोंद कुठल्याच खात्याच्या कागदावर धड नाही, कारण ते करताना लिहायला कुणाला सवड झाली नाही. कॅन कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. निळे साहेब धावत जाऊन मुख्य बटण बंद करून आले आणि अख्खा कारखाना गपगार झाला. पिवळ्या आजोबांनी आपलं यंत्र कप्तान बाईंच्या हातात दिलं आणि दारातून "डावीकडे, हळू, अजून हळू" असं सांगत राहिले. हिरव्या मॅडमनी टाचांचे बूट भिरकावून दिले आणि आम्ल मारायच्या भुकटीची पोती पाठीवर वाहून आणली. कारकुनाने पाण्याचा पाइप धरला आणि पहिल्यांदा त्याला काय करायचं ते बरोबर कळलं. कप्तान बाईंनी चिलखतासारखा पोशाख चढवून झाकणातला वायू फुस्स फुस्स करत बाहेर सोडला. नऊ मिनिटांत कॅन बसका होऊन मोकळ्या अंगणात उभा होता. पाचही जण त्याच्याभोवती धापा टाकत होते आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.

पान-सू मुकादम यॉमपुढे रडत उभा राहिला. "टाकी खुणेच्या वर भरली होती, साहेब. पर्यावरणवाले खूण बघतात. गाडी मंगळवारी येणार होती. म्हटलं वीस लिटर दोन दिवस बाजूला काढून ठेवावं. चुकलो मी, आधीच बोलायला हवं होतं."

"माझ्यासारखाच घाबरलास," यॉम म्हणाला. तो अजून भिंतीला टेकूनच बसला होता.

मग पाचही खात्यांनी मिळून एकच अहवाल लिहायला घेतला, आणि तिथे गाडं अडलं.

"लेबलावर हायड्रोक्लोरिक आम्ल लिहिलंय," निळे साहेब वाचत म्हणाले. "आत काय निघालं?"

"हायड्रोक्लोरिक आम्ल," हिरव्या मॅडम म्हणाल्या.

"धोका लिहिलंय. धोका होता?"

"होता की हो," पिवळे आजोबा म्हणाले.

"झाकण उघडू नये, हेही बरोबर. म्हणजे लेबल अचूक आहे. या लेबलामुळेच आपण सावध झालो, हेही लिहावं लागेल."

"पण ते मी खोटं लावलं होतं, साहेब!" यॉम कळवळून म्हणाला.

"तुम्ही काय समजून लावलं, याला फॉर्मात जागा नाही," निळे साहेब म्हणाले. "हां, एक मात्र आहे. पाच अधिकाऱ्यांसमोर तुम्ही सांगितलंत की आत सरबत आहे. ती माहिती खोटी निघाली."

"मी खरं बोलायला गेलो होतो हो!"

"त्याच्यापायी माणूस मेला असता," कप्तान बाई म्हणाल्या. त्यांनी हे रागावून म्हटलं नव्हतं, म्हणून यॉमला ते जास्त लागलं.

कारखान्याला काम थांबवायची नोटीस आली नाही. फक्त आम्लाचा विभाग सात दिवस बंद राहिला. पान-सूला दंड झाला, तो मालकांनी भरला, कारण पिऊन दाखव असं कोण म्हणालं होतं ते बावन्न जणांनी ऐकलं होतं. यॉमला त्याच दिवशी दोन पत्रं आली. एकात अचूक लेबल लावल्याबद्दल पाचही खात्यांचे आभार होते. दुसऱ्यात, अधिकाऱ्यांना चुकीची माहिती दिल्याबद्दल आठ तासांच्या सुरक्षा प्रशिक्षणाला हजर राहावं, असा हुकूम होता. मालकांनी पहिलं पत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलं आणि राजीनाम्याचा विषय पुन्हा काढला नाही.

प्रशिक्षणाच्या दिवशी यॉम सभागृहात शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसला. जिल्हाभरातले चुकलेले सुरक्षा अधिकारी तिथे जमलेले होते. प्रशिक्षकाने दिवे मंद केले आणि पडद्यावर एक भलंमोठं चित्र उमटलं. टम्म फुगलेलं पांढरं पोट होतं आणि त्यावर टपोऱ्या अक्षरातलं लेबल. यॉम खांबामागे आणखी सरकला.

"हे लेबल लावणाऱ्या माणसामुळे त्या दिवशी मोठा अनर्थ टळला," प्रशिक्षक म्हणाला. "यावर परीक्षेत प्रश्न आहे. तर या माणसाने काय बरोबर केलं? कोण सांगेल?"

प्रशिक्षकाने यादीवर बोट फिरवलं आणि नाव वाचलं. यॉम उभा राहिला. एकदा त्याला वाटलं, चार वाक्यं पाठ म्हणावीत आणि सुटावं. पण त्याच्या तळहाताखाली तो कॅन अजूनही कोमट होता आणि आतलं ते उकळणं त्याला अजूनही ऐकू येत होतं.

"काहीच नाही, साहेब," तो म्हणाला. "घाबरला होता तो. आत काय आहे ते त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणायची त्याला भीती वाटली."

प्रशिक्षकाने हातातल्या कागदावरचं उत्तर पुन्हा एकदा वाचून पाहिलं.

"चूक," तो म्हणाला, आणि यॉमच्या नावापुढे फुली मारून त्याला पुढच्या सोमवारी परत यायला सांगितलं.